जंपर उलटा लागला म्हणून टर्बो जात नाही

पुण्यात नाना पेठेत सुटे भाग घ्यायला गेलात की हे हमखास ऐकू येतं: जंप स्टार्ट देताना, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी सुरू करताना, जंपरच्या वायरी उलट्या लागल्या, आता टर्बो गाडी सुरू होत नाही, म्हणजे टर्बो गेला. हे चूक आहे, आणि या चुकीपायी लोक चांगला टर्बो बदलून बसतात. मला याचं फार वाईट वाटतं.

टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा. तो विजेवर नाही, इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर फिरतो. स्टार्टर मारताना तो धूर जवळजवळ नसतोच. त्या क्षणी टर्बोवालं इंजिन साध्या इंजिनासारखंच हवा ओढतं. टर्बो खराब असेल तर ताकद कमी होईल, निळा धूर येईल, शिट्टी वाजेल. पण गाडी बहुतेक वेळा सुरू होईल.

उलट्या वायरींनी जळतो तो मेन फ्यूज. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) यातले डायोड एरवी वीज एकाच दिशेने जाऊ देतात, पण वायरी उलट्या लागल्या की त्यांतून थेट वीज वाहते, म्हणून झटका त्या डायोडना आणि फ्यूजला बसतो. कधी ईसीयूही (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जातो.

आधी बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. चांगली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. मग चावी ऑन करा. चेक इंजिनचा दिवा लागलाच नाही, तर ईसीयूला वीज पोचते का ते पाहा: फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच), अर्थ (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर). दिवा लागतो, स्टार्टरही फिरतो, तरी इंजिन पेटत नाही? मग इमोबिलायझर (चावी ओळखली नाही तर इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा), गाडीतल्या इंधन पंपाचा फ्यूज आणि क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणारा) तपासा. नवा ईसीयू सगळ्यात शेवटी, कारण तो बऱ्याचदा गाडीच्या चावीशी जुळवून घ्यावा लागतो.