आवड आणि सवय: घर कशावरून बेतायचं?

इंटिरिअरच्या पहिल्या भेटीत बहुतेक कुटुंबं मोबाइलवर जमवलेले फोटो दाखवतात आणि म्हणतात, "घर आमच्यासारखं दिसायला हवं." फोटोंतून आवड कळते: रंग, लाकडाचा पोत, उजेड. माणसं घरात कशी वावरतात ते त्यातून कळत नाही. ती सवय, आणि आराखडा तिच्यावर बेतावा लागतो. आवड चुकली तर रंग बदलून भागतं. सवय चुकली तर फोडाफोड करावी लागते.

फरक सर्वांत स्पष्ट दिसतो ओट्यावर. ग्रॅनाइट काळं की पांढरं, ही आवड. ओट्याची उंची सवयीवर ठरते. सरसकट 85 सेंटिमीटरच्या आसपासचा ओटा बांधला जातो आणि बुटक्या व्यक्तीचे खांदे दुखू लागतात. जी व्यक्ती रोज जास्त वेळ चिरते, मळते, तिला सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवायला सांगा. जमिनीपासून कोपरापर्यंतच्या मापातून 10 ते 15 सेंटिमीटर वजा करा. कोपर 94 वर असेल तर ओटा 79 ते 84. घरात चप्पल वापरत असाल तर माप चप्पल घालूनच घ्या. पोळ्या उभ्याने ओट्यावर लाटत असाल तर कमी उंचीकडे झुका. पोळपाटाची उंची वर चढते आणि लाटताना वरून जोर द्यावा लागतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे गवंडी कच्च्या जमिनीवरून माप धरतो. फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून साधारण 5 सेंटिमीटर वर येतात, आणि ओटा तेवढाच बुटका होतो. म्हणून तयार फरशीची पातळी आधी भिंतीवर रेघ मारून घ्या आणि उंची त्या रेघेपासून मोजा.

उघडी फळी फोटोत देखणी दिसते. पण रोज फोडणी होणाऱ्या स्वयंपाकघरात तेलाची वाफ आणि धूळ मिळून तिच्यावरच्या बरण्यांवर चिकट थर बसतो. रोज हाताळली जाणारी भांडी तेवढी तिच्यावर ठेवा, बाकीची दाराआड.

देवघराचंही तसंच. नक्षीची जाळी आवडीची, पण पूजा बसून होते की उभ्याने, हे आधी विचारलं पाहिजे. पाटावर बसणाऱ्यासाठी मूर्तीची बैठक 45 ते 60 सेंटिमीटरवर सोयीची पडते. उभ्याने करणाऱ्याला ती छातीच्या आसपास लागते. दिव्याच्या ज्योतीवर लॅमिनेटची फळी जवळ आली की ती काळवंडते आणि फुगते.

सगळ्या सवयी आधी कळत नाहीत, आणि कुटुंब वाढलं की बदलतातही. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी 1980च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला केलेली वसाहत याचा विचार करते. साधारण सात घरं 8 बाय 8 मीटरच्या चौकाभोवती आहेत आणि शेजाऱ्यांची भिंत सामाईक नाही, त्यामुळे ज्याला जशी गरज पडेल तसं त्याने घर वाढवावं. फ्लॅटमध्ये ही मोकळीक मिळत नाही. मायवान पद्धतीच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेल्या इमारतीत तर आतल्या बहुतेक भिंतीही काँक्रीटच्या आणि भार पेलणाऱ्या असतात. त्यांत वायरसाठी झिरी मारू नये. राहायला गेल्यावर चार्जिंगची जागा सुचली तर वायर बाहेरून केसिंगपट्टीतून न्यावी लागते.

म्हणून नकाशा काढण्याआधी आठवडाभर नोंद ठेवा: किल्ल्या, औषधं, दप्तर, मोबाइल, ओले टॉवेल प्रत्यक्षात कुठे पडतात. जिथे पडतात तिथेच खण, खुंटी, सॉकेट द्या. चपला दाराबाहेरच निघत असतील आणि कपाट आत चार पावलांवर असेल, तर ते रिकामंच राहील. बाहेर ठेवायला सोसायटीची हरकत असेल, तर उंबऱ्याच्या आत, दार उघडताना अडणार नाही अशी 30 ते 35 सेंटिमीटर खोलीची जागा काढा.