मथुशलह बुडाला कसा नाही?

उत्क्रांतीवर वाद सुरू झाला की दोन वाक्यं हटकून ऐकू येतात. पहिलं, ‘बायबलमध्ये पृथ्वीचं वय 6,000 वर्षं दिलंय.’ दुसरं, ‘विज्ञानाने कोंडीत पकडल्यावर ख्रिस्ती लोक ते प्रतीकात्मक आहे म्हणू लागले.’ दोन्ही चूक. हा आकडा बायबलमध्ये कुठेही नाही, आणि प्रतीक म्हणून वाचणारे तर भूगर्भशास्त्र जन्माला यायच्या कितीतरी शतकं आधीचे आहेत.

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, देव सहा दिवसांत सृष्टी घडवतो. तिसऱ्या शतकात ऑरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने सरळ विचारलं होतं, की सूर्य जर चौथ्या दिवशी निर्माण झाला, तर आधीच्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ झाली कशी? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टीन या दुसऱ्या धर्मपंडिताने उत्पत्तीच्या पुस्तकावर जाडजूड ग्रंथ लिहिला. ग्रंथाच्या नावातच ‘शब्दशः अर्थ’ आहे, तरी आत तो म्हणतो की हे सहा दिवस आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे नव्हेत. ग्रह-ताऱ्यांबद्दल धर्मग्रंथाच्या नावावर अज्ञान पाजळणाऱ्या स्वधर्मीयांना त्याने चांगलंच फटकारलंही आहे.

मग 6,000 आले कुठून? बेरजेतून. उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात वंशावळ आहे. आदाम 130 वर्षांचा असताना शेथ झाला, शेथ 105 वर्षांचा असताना अनोश. असं करत नोहापर्यंत या आणि जलप्रलयाच्या वेळचं नोहाचं वय, म्हणजे 600, मिळवा. उत्तर येतं 1,656, म्हणजे सृष्टीपासून प्रलयापर्यंतची वर्षं. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी ही साखळी बॅबिलोनच्या इतिहासाला जोडली आणि 1650 मध्ये सृष्टीचं वर्ष जाहीर केलं: इ.स.पू. 4004. अशर यांना हसण्याची पद्धत आहे, पण केप्लर आणि न्यूटनही हेच गणित करत होते आणि त्यांची उत्तरंही आसपासचीच आली.

अडचण बेरजेत नव्हतीच, ती पाठात होती. हिब्रू पाठ आणि जुनं ग्रीक भाषांतर यांतली वयं जुळत नाहीत. ग्रीकमध्ये बऱ्याच पूर्वजांना मुलं शंभर वर्षं उशिरा होतात. म्हणून बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, जगात सृष्टीचं वर्ष इ.स.पू. 5509 धरत. याच ग्रीक आकड्यांनी बेरीज केली तर नोहाचा आजोबा, 969 वर्षं जगलेला मथुशलह, प्रलयानंतर 14 वर्षांनी मरतो, आणि ज्यात बसून नोहाचं कुटुंब वाचलं त्या तारवात, म्हणजे जहाजात, तर तो नव्हता! ऑगस्टीनपुढेही हा पेच आला होता. त्याने नक्कल करणाऱ्याची चूक मानून मूळ हिब्रूवर विश्वास ठेवला. शब्दशः वाचायचं, तर आधी शब्द कुठला हे ठरवावं लागतं.

आता पृथ्वीचं वय सांगणारा माझा लाडका स्फटिक, झिरकॉन. वाळूच्या कणाएवढा, बऱ्याचदा त्याहूनही बारीक. तप्त शिलारसातून तो घडताना झिरकोनियमच्या जागी थोडं युरेनियम सहज शिरतं, कारण दोघांच्या आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) विद्युतभार सारखा आणि आकारही जवळपासचा. शिशाचा आयन मोठा आणि भार निम्मा, त्यामुळे त्याला जवळजवळ प्रवेशच नाही. म्हणजे आज आत सापडणारं शिसं बहुतेक सगळं युरेनियमच्या किरणोत्सारी ऱ्हासातून तिथेच तयार झालेलं.

आणि घड्याळं दोन आहेत. युरेनियम-238 चं शिसं-206 होतं, अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) 447 कोटी वर्षं. युरेनियम-235 चं शिसं-207 होतं, अर्धायुष्य सुमारे 70 कोटी. शिसं आणि युरेनियमची ही दोन्ही गुणोत्तरं आलेखावर मांडली की न बिघडलेल्या स्फटिकांचे बिंदू एकाच वक्रावर पडतात. त्याला ‘कॉनकॉर्डिया’ म्हणतात. मध्येच कधी स्फटिक तापून शिसं गळालं असेल तर बिंदू वक्राखाली घसरतात, पण एकत्र घडलेल्या आणि एकदाच मार खाल्लेल्या स्फटिकांचे बिंदू एका सरळ रेषेत घसरतात. ती रेषा वक्राला जिथे वर छेदते ते जन्माचं वय, खाली छेदते ते गळतीचं. (हा परिच्छेद पुन्हा वाचावा लागला तर वाचा, मलाही लागला होता.) थोडक्यात, नक्कल करणाऱ्याची चूक तर पकडता येतेच, ती कधी झाली याचाही अंदाज येतो. अशर यांच्या हाती असं दुसरं घड्याळ नव्हतं.

6,000 वर्षांत युरेनियम-238 च्या दहा लाख अणूंपैकी जेमतेम एक फुटतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधल्या सर्वांत जुन्या झिरकॉनमध्ये जवळपास निम्मे फुटलेत. वय सुमारे 440 कोटी वर्षं. ‘पूर्वी ऱ्हासाचा वेग जास्त असेल’ हा शब्दशः वाचणाऱ्यांचा ठरलेला बचाव. दोन्ही घड्याळं सारख्याच पटीने पळाली असती तर वरच्या आलेखात ते दिसणार नाही, हे कबूल. पण अब्जावधी वर्षांची उष्णता काही हजार वर्षांत बाहेर पडली असती तर पृथ्वीचं कवच वितळलं असतं, आणि स्फटिकही उरला नसता.

उलट टोकाची मंडळीही आहेत. त्यांना ‘प्रकाश होवो’ या शब्दांत महास्फोट दिसतो. कुठल्याही धर्माच्या ग्रंथात शोध लागून गेल्यावर सूत्रं सापडतात, आधी एकही सापडत नाही. 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी आपल्या भाषणात निर्मितीचा संबंध या नव्या विश्वशास्त्राशी जोडला, तेव्हा नाराज झालेल्यांत जॉर्ज लमेत्र होते. ते स्वतः कॅथलिक धर्मगुरू, आणि विश्वाची सुरुवात एका ‘आद्य अणू’तून झाली ही कल्पना त्यांचीच.