ख्रिस्ती स्वातंत्र्यवादी युद्धविरोध

राज्यसंस्थेसाठी वेगळी नीती नसते. एकट्या माणसाने केले तर जे पाप ठरते, ते सरकारी हुकमाने केले म्हणून क्षम्य होत नाही, या भूमिकेवरून युद्धाला विरोध करणारी ख्रिस्ती विचारधारा. आजच्या रूपात ती मुख्यतः अमेरिकेत, लिबर्टेरियन म्हणजेच व्यक्तिस्वातंत्र्यवादी वर्तुळांत वाढली आणि 2003 च्या इराक युद्धाच्या सुमारास ठळकपणे पुढे आली. तिची मुळे मात्र पहिल्या तीन शतकांतील चर्चपासून एकोणिसाव्या शतकातील इंग्रज मुक्तव्यापारवाद्यांपर्यंत विखुरलेली आहेत.

हा निव्वळ शांततावाद नव्हे. घरात शिरलेल्या दरोडेखोराशी बळ वापरून लढणे बहुतेक ख्रिस्ती स्वातंत्र्यवाद्यांना मान्य असते. हिंसा पूर्णपणे नाकारणाऱ्या मेनोनाइट पंथाच्या जुन्या परंपरेतल्या माणसाला ते मान्य नसते. स्वातंत्र्यवाद्यांचे म्हणणे एवढेच, की दरोडेखोराचा पाठलाग करताना वाटेतल्या निरपराध माणसावर गोळी झाडता येत नाही, पाठलागाचा खर्च शेजाऱ्याकडून जबरदस्तीने वसूल करता येत नाही आणि त्याच्या मुलाला वेठीला धरून पुढे पाठवता येत नाही. आधुनिक युद्धात तिन्ही गोष्टी होतात: नागरी वस्तीवर बाँब, सक्तीचा कर आणि सक्तीची लष्करभरती. हा युक्तिवाद मरे रॉथबार्ड या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1963 मधल्या एका निबंधात नेटकेपणाने मांडला. रॉथबार्ड ज्यू कुटुंबातले आणि स्वतः अज्ञेयवादी. ख्रिस्ती लेखकांनी त्यांच्या मांडणीला दहा आज्ञांची जोड दिली: खून करू नको, चोरी करू नको या आज्ञांमध्ये राजाला सूट दिल्याचे कुठे लिहिलेले नाही.

बायबलमधील आधारांत डोंगरावरील प्रवचन अर्थातच आले, पण या मंडळींचा खरा जीव जुन्या करारातील ‘पहिला शमुवेल’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे. इस्राएल लोक इतर राष्ट्रांसारखा राजा मागतात तेव्हा शमुवेल त्यांना राजा काय करील ते बजावतो. तो तुमची मुले रथांपुढे धावायला नेईल, मुलींना स्वयंपाकाला लावील, उत्तम शेते आणि द्राक्षमळे काढून घेऊन आपल्या चाकरांना देईल, धान्याचा आणि कळपांचा दहावा हिस्सा घेईल. लष्करभरती, वेठ, जप्ती आणि कर हे सारे एकाच दमात येते, आणि लोकांना राजा हवा असतो तो आपल्यापुढे चालून लढाया लढण्यासाठी. युद्ध आणि राज्यसंस्थेची वाढ यांचा संबंध इतक्या थोडक्यात सांगणारा दुसरा उतारा क्वचितच सापडेल.

अडचणीचा उतारा म्हणजे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय. अधिकारी देवाने नेमलेले आहेत, त्यांच्या हाती तलवार उगाच दिलेली नाही, त्यांना कर द्या, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. स्वातंत्र्यवाद्यांचे उत्तर असे, की पत्राचे अध्याय मध्ययुगात पाडले गेले. बारावा सलग वाचला तर वाइटाची फेड वाइटाने करू नका, सूड घेऊ नका हा उपदेश आधी येतो आणि सूडाची तलवार परक्या सत्तेच्या हातात दिसते, विश्वासणाऱ्याच्या नव्हे. शिवाय हे पत्र रोमन सम्राट नीरोच्या कारकिर्दीतले; त्याच्या प्रत्येक हुकमाला दैवी मान्यता आहे असे पौलाला म्हणायचे असणे शक्य नाही. युद्धापुरते हे उत्तर पटण्यासारखे आहे. करापुरते ते लंगडे पडते, कारण कर द्या हे वाक्य पुसता येत नाही. यावर या गटातच एकमत नाही.

पहिल्या तीन शतकांतील चर्च लष्करी सेवेकडे साशंकतेने पाहत असे. पेत्राची तलवार खाली ठेवायला लावून प्रभूने प्रत्येक सैनिकाला निःशस्त्र केले, असे सुरुवातीचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन म्हणतो. ख्रिस्ती लोक सम्राटासाठी लढत नाहीत, प्रार्थना करतात, असे धर्मशास्त्रज्ञ ओरिजेन तिसऱ्या शतकाच्या मध्याला सांगतो. पण सर्वाधिक उद्धृत होतो तो मॅक्सिमिलियन. 12 मार्च 295 रोजी न्युमिडियातील तेवेस्ते येथे, म्हणजे आजच्या अल्जीरियातील तेबेसा येथे, या 21 वर्षांच्या तरुणाला भरतीसाठी प्रांताधिकारी दिओनपुढे उभे केले. त्याची उंची मोजली गेली: पाच फूट दहा इंच, सैन्याला हवी तशी. गळ्यात शिशाची शाही मुद्रा घालायला त्याने नकार दिला. सम्राटांच्या खाशा पथकात ख्रिस्ती सैनिक आहेत, ते काय वाईट करतात, असे दिओनने विचारले. ते काय करतात हे तुम्हाला ठाऊक आहे, असे उत्तर मिळाले. त्याच दिवशी त्याचा शिरच्छेद झाला. त्याचा बाप स्वतः भरतीच्या करवसुलीशी संबंधित अधिकारी होता, हा तपशील स्वातंत्र्यवादी लेखकांना विशेष प्रिय. पण दिओनच्या प्रश्नातूनच कळते की तेव्हाही सैन्यात ख्रिस्ती होते. सुरुवातीचे चर्च एकमुखाने युद्धविरोधी होते हा दावा ताणलेला आहे.

चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननंतर चर्च आणि साम्राज्य एकमेकांच्या जवळ आले आणि धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीनपासून न्याय्य युद्धाचा सिद्धांत आकाराला येऊ लागला. तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्वायनसने त्याच्या तीन अटी घातल्या: अधिकृत सत्ता, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू. स्वातंत्र्यवाद्यांपैकी काही जण हा सिद्धांत साफ नाकारतात. काही तो मानतात, पण अटी प्रामाणिकपणे लावल्या तर गेल्या काही शतकांतले जवळपास एकही युद्ध त्यांतून पार होत नाही, असे म्हणतात. अधिकृत सत्ता कोणती हे सत्ताच ठरवणार असेल तर पहिल्या अटीला अर्थ उरत नाही, हा त्यांचा आक्षेप बिनतोड आहे.

धर्मसुधारणेच्या काळात 1527 च्या श्लाइटहाइम श्रद्धाघोषणेत प्रौढपणीच बाप्तिस्मा घ्यावा असे मानणाऱ्या अ‍ॅनाबॅप्टिस्टांनी तलवार ख्रिस्ताच्या परिपूर्णतेबाहेरची ठरवली. 1660 च्या दशकारंभी क्वेकर या ख्रिस्ती पंथाने इंग्लंडच्या राजापुढे शस्त्रत्याग जाहीर केला. हे सारे श्रद्धेने लढाईपासून दूर राहणारे; बाजारपेठ, मालमत्ता, करप्रणाली यांवर त्यांचा सिद्धांत नव्हता. तो सांधा जुळला एकोणिसाव्या शतकात, जॉन ब्राइट यांच्यात. हे क्वेकर गिरणीमालक आणि त्यांचे सहकारी रिचर्ड कॉब्डेन यांनी धान्यावरील आयातकराविरुद्ध चळवळ उभारली आणि 1846 मध्ये तो कायदा रद्द करवला. ज्या देशांशी व्यापार चालतो त्यांच्याशी लढायला माणसे कचरतात, हा त्यांचा विश्वास. क्रिमियन युद्ध ऐन भरात असताना 1855 च्या फेब्रुवारीत ब्राइट यांनी कॉमन्स सभागृहात मृत्युदूताच्या पंखांची फडफड ऐकू येते आहे असे उद्गार काढले. 1857 मध्ये मँचेस्टरच्या मतदारांनी त्यांना पाडले. 1882 मध्ये ब्रिटिश आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या तेव्हा ते पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले. सत्तेत बसून हा विचार पाळणारी माणसे फार थोडी झाली.

अमेरिकेत डेव्हिड लिप्स्कम या टेनेसीतील धर्मोपदेशकाने यादवी युद्धात एकाच पंथाची माणसे दोन्ही बाजूंनी एकमेकांना मारताना पाहिली. 1889 मधल्या पुस्तकात तो थेट टोकाला गेला: ख्रिस्ती माणसाने लढू नये, सरकारी पद घेऊ नये, मतदानही करू नये. पहिल्या महायुद्धात प्रिन्स्टनचे धर्मशास्त्रज्ञ ग्रेशम मेचन यांनी अमेरिकेच्या युद्धप्रवेशाला आणि सक्तीच्या भरतीला विरोध केला. पुढे शाळांवरील केंद्रीय नियंत्रणालाही त्यांनी तेवढ्याच निकराने विरोध केला, त्यामुळे ते या परंपरेचे नाव घेण्याजोगे पूर्वज ठरतात.

सक्तीच्या भरतीचा सर्वांत बोचरा दाखला त्याच युद्धातला आहे. 1918 मध्ये साउथ डकोटातील हटराइट पंथाच्या जोसेफ, मायकेल आणि डेव्हिड हॉफर या तीन भावांना आणि त्यांच्या एका सोबत्याला गणवेश घालायला नकार दिल्याबद्दल लष्करी न्यायालयाने 20 वर्षांची सजा दिली. अल्काट्राझ तुरुंगाच्या तळघरातल्या कोठडीत त्यांना आतल्या कपड्यांवर ठेवले. घालायचा तर गणवेश शेजारी पडलेला होता. 11 नोव्हेंबरला युद्ध थांबले. त्यानंतर जोसेफ आणि मायकेल कॅन्ससमधील फोर्ट लेव्हनवर्थ येथे काही दिवसांच्या अंतराने वारले. जोसेफची पत्नी मृतदेह पाहायला गेली तेव्हा, पंथाच्या आठवणींनुसार, त्याच्या अंगावर तोच गणवेश चढवलेला होता. हटराइट लोक सामायिक मालमत्तेत राहतात. खासगी मालमत्तेचे कट्टर पुरस्कर्ते त्यांना आपले हुतात्मे मानतात, यातला विरोधाभास गमतीचा आहे, पण गैर नाही. सरकारने विवेकावर हात टाकू नये हे दोघांचेही म्हणणे.

युद्ध संपले तरी राज्यसंस्था जुन्या मापावर परतत नाही, हा या विचाराचा आर्थिक कणा. अमेरिकेत 1913 मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर 7 टक्के होता. 1918 मध्ये तो 77 टक्क्यांवर गेला. विसाच्या दशकात खूप उतरूनही तो 24 टक्क्यांच्या खाली आला नाही, आणि 1944 मध्ये 94 टक्क्यांवर पोहोचला. पगारातून कर परस्पर कापून घेण्याची आजची पद्धतही 1943 ची, म्हणजे युद्धकाळातलीच. युद्ध म्हणजे राज्यसंस्थेचे आरोग्य, हे 1918 मध्ये वारलेले अमेरिकी लेखक रँडॉल्फ बोर्न यांचे वाक्य स्वातंत्र्यवादी लिखाणात जागोजाग भेटते. चर्चसाठी याचा अर्थ निराळा: ज्याला सगळे वाहावे, ज्याच्यासाठी मरावे आणि मारावे, अशी दुसरी देवता उभी राहते. पहिल्या महायुद्धात जर्मन सैनिकाच्या पट्ट्याच्या बकलवर ‘देव आमच्यासोबत’ असे कोरलेले असे. समोरच्या खंदकातही प्रार्थना त्याच देवाची होत होती.

9 ऑगस्ट 1945 ला नागासाकीवर पडलेला बाँब उराकामी कॅथीड्रलपासून सुमारे 500 मीटरवर फुटला. शतकानुशतके छळ सोसून, लपून श्रद्धा टिकवलेला जपानचा जुना कॅथलिक समाज त्या भागात राहत असे. सुमारे 12,000 पैकी अंदाजे 8,500 जण दगावले. बाँब टाकणाऱ्या पथकाचे कॅथलिक धर्मगुरू जॉर्ज झाबेल्का यांनी पुढे आपल्या मौनाबद्दल जाहीर पश्चात्ताप केला आणि ते शांततावादी झाले.

इराक युद्धाने अमेरिकी ख्रिस्ती समाज दुभंगला. ऑक्टोबर 2002 मध्ये सदर्न बॅप्टिस्ट नेते रिचर्ड लँड आणि इतर चार इव्हँजेलिकल नेत्यांनी राष्ट्राध्यक्ष बुश यांना पत्र लिहून संभाव्य कारवाई न्याय्य युद्धाच्या कसोटीला उतरते असे कळवले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी मार्च 2003 मध्ये कार्डिनल पिओ लागी यांना वॉशिंग्टनला पाठवून उलट सांगितले. टेक्ससचे बॅप्टिस्ट खासदार रॉन पॉल यांनी युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत दिले होते. जानेवारी 2012 मध्ये साउथ कॅरोलायनातील मर्टल बीच येथे रिपब्लिकन उमेदवारांच्या चर्चेत त्यांनी परराष्ट्र धोरणालाही सुवर्णनियम लावावा, इतरांनी आपल्याशी केलेले आवडणार नाही ते आपण त्यांच्याशी करू नये, असे सुचवले. चर्चला जाणाऱ्यांचा भरणा असलेल्या राज्यातल्या त्या सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. दरम्यान इराकमधील ख्रिस्ती लोकसंख्या, जी युद्धापूर्वी 10 ते 15 लाख असल्याचे अंदाज आहेत, दोन दशकांत काही लाखांवर आली.

टीका दोन्हीकडून होते. अमेरिकी धर्मशास्त्रज्ञ राइनहोल्ड नीबर यांनी 1940 मध्ये ख्रिस्ती शांततावाद्यांवर घेतलेला आक्षेप इथेही लागू पडतो: पापी जगात बळाचा वापर टाळणारा बऱ्याचदा जुलमाला वाट करून देतो. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली नसती तर व्हर्सायचा तह आणि हिटलर दोन्ही टळले असते, असे स्वातंत्र्यवादी सांगतात. ते खरे मानले तरी 1919 च्या प्रश्नाचे उत्तर झाले. सप्टेंबर 1939 मध्ये वॉर्सातल्या माणसाने काय करायचे हे त्यातून निघत नाही. दुसरीकडून स्टॅन्ली हाउअरवॉस यांच्यासारखे शांततावादी धर्मशास्त्रज्ञ व्यक्तिवादावरच बोट ठेवतात: शांती हा चर्च या समुदायाचा धर्म आहे, तो एकेकट्याच्या हक्कांतून उभा राहत नाही.

चळवळीतले सध्याचे भांडण सैनिकांविषयी आहे. लॉरेन्स व्हान्स हे या विषयावर सर्वाधिक लिहिणारे बॅप्टिस्ट लेखक. ख्रिस्ती माणसाने अमेरिकी सैन्यात जाऊच नये आणि युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या रविवारी उपासनेत गणवेशधारींना उभे करून टाळ्या वाजवणे बंद करावे, असे ते सांगतात. दोष हुकूम देणाऱ्यांचा, पाळणाऱ्या पोराचा नव्हे, असे मानणाऱ्यांना हे फार कठोर वाटते. अमेरिकेत सक्तीची भरती 1973 मध्ये संपली असल्याने आता मॅक्सिमिलियनसारखी कोणाची उंची मोजली जात नाही, प्रत्येक जण स्वखुशीने सही करतो, हा व्हान्स यांच्या बाजूचा मुद्दा त्यांना अजून नीट खोडता आलेला नाही.