ओल्ड गोव्याचं लाल चर्च मुळात लाल नव्हतंच!

ओल्ड गोव्याला गेलं की बहुतेक जण एकच फोटो काढतात, बाँ जेझूस बासिलिकेचा तो लालसर तपकिरी दर्शनी भाग. समोरच्या बाजूचं से कॅथेड्रल पांढरंशुभ्र आणि हे असं उघडं दगडी, त्यामुळे हेच जास्त "जुनं" वाटतं. मलाही कित्येक वर्षं तसंच वाटायचं. पण खरं म्हणजे हे चर्चही गिलावा केलेलंच होतं, तो गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकला, आणि तेव्हापासून आतला दगड पाऊस खातोय.

हे चर्च जेझुइटांनी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाने बांधलं, काम 1594 ला सुरू झालं आणि 1605 ला आर्चबिशप मेनेझिसच्या हस्ते ते उपासनेसाठी खुलं झालं. लांबी साधारण 56 मीटर, रुंदी 17 च्या आतबाहेर. सेंट फ्रान्सिस झेवियर, म्हणजे गोंयचो सायब, त्याचे अवशेष इथे चांदीच्या पेटीत आहेत. पेटी गोव्याच्याच कारागिरांनी घडवलेली, खालचा संगमरवरी चौथरा मात्र इटलीतल्या टस्कनीच्या ड्यूकने पाठवलेला, फोजिनी नावाच्या शिल्पकाराचं काम, 1698 ला इथे बसवला. लोक आत जाऊन हे बघतात आणि निघतात. मी सांगतेय ती गोष्ट बाहेरच्या भिंतीची.

भिंत जांभ्याची. कोकणातल्या माणसाला जांभा काय सांगायचा, घर चिऱ्याचं, विहीर चिऱ्याची, गडगाही चिऱ्याचाच. पण हा दगड होतो कसा ते मजेशीर आहे. उष्ण हवा आणि धो धो पाऊस असेल तिथे लाखो वर्षं पाणी खडकातून झिरपत राहतं, जे विरघळतं ते, म्हणजे कॅल्शियम, सोडियम, बरीचशी सिलिका, वाहून जातं आणि मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. म्हणून रंग गंजासारखा, कारण तो जवळपास गंजच आहे! आणि जे वाहून गेलं त्याची जागा म्हणजे ती सगळी भोकं. खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत सुकला की कडक होतो. बुकानन नावाच्या स्कॉटिश माणसाने 1807 मध्ये केरळातला हाच दगड बघून त्याला लॅटेराइट नाव दिलं, लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट, कारण तिथले लोक तो विटांसारखा कापून वापरत होते.

आता अशा भोकाभोकांच्या दगडात बारीक नक्षी कशी करणार? कडा ढासळतात. मग खांब, पट्ट्या, कोरीव भाग यांच्यासाठी बेसाल्ट आणला, आणि तो कुठून, तर आपल्या वसईहून, समुद्रमार्गे! वसईही तेव्हा पोर्तुगीजांकडेच होती. दर्शनी भागावर नीट बघितलंत तर दोन दगडांचा फरक दिसतो, बेसाल्ट काळसर, गुळगुळीत, वर 'आयएचएस' ही जेझुइटांची अक्षरं.

जांभ्याला त्रास पाण्याचा. स्पंजसारखी भोकं असल्यामुळे पाऊस आत शिरतो, बारीक वाटांनी केशाकर्षणाने पसरतो, शेवाळं धरतं, नंतर ऊन पडलं की पाणी बाहेर येताना क्षार पृष्ठभागाशी आणून सोडतं, ते तिथे स्फटिक होऊन दगडाचे कण सुटे करतात. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे हा खेळ दरवर्षी.

म्हणून चुन्याचा गिलावा. शिंपल्या भाजून, विरवून केलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो, पाण्याचा मारा स्वतः झेलतो, पण आतली ओल बाहेरही जाऊ देतो. खराब झाला की पुन्हा लावायचा, झिजायचं ते त्यानेच. सिमेंट लावलं तर उलटंच, ओल आत कोंडते. आमच्याकडे पावसाच्या बाजूच्या भिंतीला माडाच्या पात्यांची विणलेली झापं बांधायचे ना, तोच विचार.

मग काढला का? त्या काळात बाल्ताझार काश्त्रु नावाच्या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाकडे इथल्या इमारतींच्या डागडुजीचं काम होतं, आणि उघडा दगड म्हणजे अस्सल प्राचीन रूप अशी तेव्हाची कल्पना. झेवियरच्या मृत्यूला 400 वर्षं होत होती, त्याच्या अवशेषांचं 1952 चं मोठं जाहीर दर्शन जवळ आलेलं. दिसायला भारदस्त झालं खरं. पण अस्सल म्हणून जे केलं तेच बनावट निघालं!

2020 मध्ये तिथल्या रेक्टरनीच, म्हणजे चर्चच्या प्रमुख पाद्रींनीच, जाहीरपणे सांगितलं की पावसाने चर्चचं नुकसान होतंय. गिलावा परत करावा असं काही जण म्हणतात, पण आता दोन पिढ्यांना लाल चर्चचीच सवय आहे, पोस्टकार्डं, मॅग्नेट सगळं लालच, पांढरं केलं तर लोकांना तीच मोडतोड वाटेल.

पुढच्या वेळी गेलात तर दहा मिनिटं चालून सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्यापर्यंत जा. तोही जांभ्याचाच, 46 मीटर उंच. 1835 ला ते चर्च ओस पडलं, 1842 ला छप्पर कोसळलं, 1931 ला दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भागही गेला. उरलेला अर्धा उभा आहे अजून.