मिडवेस्ट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उत्तर-मध्य कृषी व औद्योगिक प्रदेश. जनगणना विभागाच्या व्याख्येनुसार त्यात ओहायओ, इंडियाना, इलिनॉय, मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा, मिसूरी, नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा, नेब्रॅस्का व कॅन्झस ही १२ राज्ये येतात. क्षेत्रफळ सु. २१ लाख चौ. किमी.; लोकसंख्या सु. ६.९ कोटी (२०२०).

मिडवेस्ट म्हणजे ‘मधला पश्चिम’; उत्तर-मध्य असूनही हा प्रदेश ‘पश्चिम’ का म्हणवला जातो, याबद्दल मतभेद आहेत. ॲपालॅचियन पर्वतापलीकडचा सगळा मुलूख पूर्वी पश्चिमच मानला जाई आणि वसाहती रॉकी पर्वताकडे सरकल्यावर जुना पश्चिम भाग ‘मधला’ ठरला, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. भूगोलज्ञ जेम्स शॉर्टरिज यांच्या मते मात्र १८८० च्या सुमारास हे नाव मुख्यतः कॅन्झस-नेब्रॅस्काला लावत. उत्तरेचा डकोटा आणि दक्षिणेचा टेक्सस यांच्यामधला, म्हणून मधला. ओहायओपर्यंत ते नंतर, बहुधा विसाव्या शतकाच्या आरंभी पोहोचले. त्या काळच्या लेखनातील वापरावर आधारलेले असल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते. जनगणना विभाग तर १९८४ पर्यंत ‘उत्तर-मध्य’ असेच म्हणत होता. इतिहासानेही हा प्रदेश एकजिनसी नाही: ओहायओ नदीच्या वायव्येस १७८७ च्या अधिनियमाने गुलामगिरीला बंदी होती, तर मिसूरी १८२१ मध्ये गुलामगिरीसह संघराज्यात आले.

हिमनद्यांनी पसरलेला गाळ, वाऱ्याने आणलेली लोएस माती आणि उंच गवताची कुजलेली मुळे यांतून येथील काळी जमीन घडली. दख्खनच्या रेगूरशी तिचे रंगापुरतेच साम्य. रेगूर बेसाल्ट खडक झिजून झाली आहे. मिडवेस्टची चिकट माती ओतीव लोखंडाच्या नांगराला धरून बसे. जॉन डीअर यांनी १८३७ मध्ये इलिनॉयमध्ये बनवलेल्या पोलादी नांगरावरून ती सहज सुटू लागली. पाणथळ शेतांत जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या घालून निचरा केल्यावरच मक्याचा पट्टा आजच्या रूपात आला. मका व सोयाबीन ही मुख्य पिके. कॅन्झस व नॉर्थ डकोटात गहू. मराठी वाचकांना परिचित असलेले कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मिसूरीत जन्मले आणि आयोवात शिकले.

उद्योगांची वाढ बरीचशी शेतीच्या जोडीने झाली: शिकागोत धान्यबाजार (१८४८) व गुरांचा मोठा बाजार (१८६५) उभे राहिले. सुपीरियर व ह्युरन सरोवरे जोडणाऱ्या सू कालव्यामुळे (१८५५) सुपीरियर सरोवराकाठचे लोहखनिज पंचमहासरोवरांतून खाली येऊ लागले आणि ॲपालॅचियन कोळशाच्या जोडीने पोलाद कारखाने वाढले. इंडियानातील गॅरी हे शहर १९०६ मध्ये पोलादासाठीच वसवले गेले. डेट्रॉइटजवळ हायलँड पार्क येथे फोर्डने १९१३ मध्ये मोटारींची चालती जुळणी-साखळी सुरू केली. १९७० नंतर अनेक कारखाने बंद पडले.