विहिरीचा तळ दिसतोय, तरी पाणी उकळा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आम्ही गुहागर-दापोली भागात विहिरी उपसतो, गाळ काढतो, टाक्या धुतो. काम आटोपून निघताना घरची मंडळी हमखास विचारतात, "आता पाणी प्यायला हरकत नाही ना?" कठड्यापाशी उभ्या उभ्या त्याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हा कागद. विहीर साफ करणं आमचं काम आहे, ते आम्ही मनापासून करतो. पण त्यामुळे पाणी उकळायची गरज संपत नाही. निदान पावसाळाभर तरी उकळाच.

पाण्यात असतं काय?

जुलाब म्हटले की आपण जंतूंचं नाव घेतो, नाहीतर "जंत झाले असतील" म्हणतो. ज्यांच्याबद्दल फारसं बोललं जात नाही ते तिसरेच: जिआर्डिया, अमीबा आणि क्रिप्टोस्पोरिडियम (थोडक्यात क्रिप्टो). हे एकाच पेशीचे परजीवी. आतड्यात वाढतात आणि शौचावाटे बाहेर पडताना स्वतःभोवती कवच करून घेतात. थंड, ओलसर जागी ते कवच आठवडेच्या आठवडे टिकतं. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या चार-सहा भागांएवढा क्रिप्टोचा कण असतो. त्यामुळे तळातलं नाणं दिसावं इतक्या नितळ पाण्यातही तो असू शकतो. जिआर्डिया आणि क्रिप्टोचे दहा-बारा कण पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो.

ते विहिरीत येतात कसे?

आपल्याकडे याचं मोठं कारण जांभा. मातीतून झिरपणारं पाणी वाटेत गाळलं जातं. जांभ्याच्या भोकांतून आणि फटींतून ते जवळजवळ वाहतच येतं. म्हणून आषाढात एका रात्रीत विहीर हातभर वर येते, आणि त्याच वाटेने संडासाच्या शोषखड्ड्यातलं पाणीही येऊ शकतं. विहीर आणि शोषखड्डा यांत कमीत कमी ५० फूट अंतर हवं असा नियम सांगतात. जांभ्यात आम्ही तेवढ्यावर विसंबत नाही. खड्डा उताराच्या वरच्या अंगाला असेल तर ५० फूटही कमीच धरा.

एका घरची गोष्ट सांगतो. विहीर देखणी, घडीव चिऱ्याची, पाणी काचेसारखं. गणपतीला आलेल्या मुंबईच्या नातवंडांपैकी तिघांना परत गेल्यावर जुलाब लागले. तेलकट, घाण वास येणारं शौच, पोट फुगलेलं, करपट ढेकर. तिकडच्या डॉक्टरांनी तपासणीत जिआर्डिया सांगितला. आम्ही जाऊन पाहिलं तर नवीन संडासाचा खड्डा विहिरीच्या वर, मोजून बावीस पावलांवर. घरच्यांनी तो दुसरीकडे हलवला. खर्च झाला, पण आम्हाला ते योग्यच वाटलं.

दुसरी वाट पोहऱ्याची. पोहरा कट्ट्यावर टेकतो, त्याच कट्ट्यावर गोठ्यातून आलेले पाय, चपला. पोहरा पुन्हा आत जातो, तळाला चिकटलेलं सगळं घेऊन. पोहरा खुंटीला टांगा, कट्ट्यावर ठेवू नका. लहान वासराला हगवण लागली असेल तर ते विहिरीपासून लांब बांधा, कारण क्रिप्टोची एक जात वासरांकडूनही माणसाला येते. शेणाची गायरीही विहिरीच्या खालच्या अंगाला हवी. तान्ह्या बाळाची दुपटी कट्ट्यावर धुऊ नका.

टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं तर?

टाकाच. हजार लिटरला अडीच ग्रॅम हे नेहमीचं प्रमाण. १० फूट व्यासाच्या विहिरीत १३ फूट पाणी असेल तर ते साधारण २८ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी तेवढी विहिरीत सोडा आणि पोहऱ्याने पाणी ढवळा. निदान तासभर पाणी काढू नका. यात कॉलरा-टायफॉइडचे जंतू मरतात. पण जिआर्डिया आणि अमीबाचं कवच चिवट आहे, आणि क्रिप्टो तर पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात शुद्धीकरण केंद्रातून आलेलं, क्लोरीन घातलेलं नळाचं पाणी पिऊन सुमारे ४ लाख लोक आजारी पडले होते, ते याच क्रिप्टोमुळे.

उकळी मात्र तिन्ही मारते. खळखळून उकळी आली की एक मिनिट तशीच राहू द्या, मग झाकून गार करा. तांब्या बुडवण्याऐवजी ओगराळ्याने किंवा तोटीने पाणी घ्या. फडक्याने गाळलं तर कचरा जातो, हे परजीवी जात नाहीत. यूव्हीचं, म्हणजे अतिनील प्रकाशाने जंतू मारणारं मशीन चांगलं, पण पावसात लाइट गेली की ते बंद, आणि पाणी गढूळ असेल तर त्याचा प्रकाश पोचत नाही. बर्फ, तीर्थ, कोथिंबीर धुवायचं पाणी हेसुद्धा उकळलेलंच असू द्या.

घरात कुणाला लागण झाली तर

ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. शौचात रक्त-आव, ताप, पोर मलूल होणं, लघवी कमी होणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जुलाब आठवड्यावर गेले तर शौचतपासणी मागा. हे कोष, म्हणजे कवचातले परजीवी, रोज पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्यावे लागू शकतात. शाळेत मिळणारी जंताची एक गोळी या आजारांसाठी नाही. हात साबणानेच धुवा, क्रिप्टोला सॅनिटायझर पुरत नाही. आणि जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे त्या पोराला विहिरीत किंवा कोंडीत पोहायला सोडू नका, कारण तोवर शौचातून कोष पडत राहतात.

गाळ काढायचा असेल तर होळीनंतर लगेच कळवा, वैशाखात आमची माणसं कमी पडतात. आम्ही आलो की आधी शोषखड्डा आणि गोठा कुठे आहे ते दाखवा, मग विहीर.