हृदयाच्या एमआरआयमधला पांढरा पट्टा : पार्श्वभूमी

पेडण्यापासून काणकोणापर्यंतचे हृदयरुग्ण बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) दाखवायला नेतात त्या फायलींत कधी 'लेट गॅडोलिनियम, ५०% ट्रान्सम्युरल' अशी ओळ असते : गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट औषध शिरेतून देऊन काही वेळाने काढलेल्या एमआरआयमध्ये हृदयाच्या भिंतीची अर्धी जाडी पांढरी, म्हणजे मृत, दिसली. या आकड्यामागे प्रयोगशाळेत कापलेल्या हृदयांच्या चकत्या आहेत.

१९७७ मध्ये राइमर आणि जेनिंग्स यांनी कुत्र्यांच्या हृदयात दाखवले, की धमनी बंद झाल्यावर स्नायू आतल्या अस्तराकडून मरू लागतो आणि मृत भाग बाहेर सरकतो. म्हणूनच ब्लॉकेजमुळे झालेला व्रण आतून सुरू होतो. पांढरेपणा फक्त भिंतीच्या मध्यात किंवा बाहेरून असेल तर मायोकार्डायटिससारखे (हृदयस्नायूचा दाह) वेगळे कारण शोधावे.

पण न हलणारी प्रत्येक भिंत मेलेली नसते. रहिमतुला यांनी १९८० च्या दशकात 'हायबरनेटिंग' स्नायूची कल्पना मांडली : रक्त कमी पडल्याने आकुंचन थांबलेला, तरी जिवंत. बायपासच्या वेळी घेतलेल्या तुकड्यांत बोर्गर्स आणि फ्लामेंग यांना अशा पेशींतले सारकोमिअर (आकुंचन पावणारे घटक) घटलेले आणि तिथे ग्लायकोजेन साठलेले दिसले. साध्या इकोवर (हृदयाची सोनोग्राफी) मेलेली आणि हायबरनेटिंग या दोन भिंती सारख्याच दिसतात.

हा पेच किम आणि जड या संशोधकांच्या कामाने सुटला. १९९९ मध्ये त्यांनी गॅडोलिनियम दिलेल्या कुत्र्यांच्या हृदयांच्या चकत्या टीटीसी रंगात ठेवल्या. जिवंत स्नायू विटकरी झाला, मृत फिका राहिला, आणि फिका भाग एमआरआयच्या पांढऱ्या भागाशी जुळला. गॅडोलिनियम पेशींच्या आत शिरत नाही. पेशी फुटल्या किंवा त्यांच्या जागी कोलॅजन (व्रणातले तंतुमय प्रथिन) आले, की त्याला जागा मिळते. पुढच्याच वर्षी ५० रुग्णांत दिसले, की पांढरेपणा नसलेल्या बिघडलेल्या भागांपैकी ७८% रक्तपुरवठा पूर्ववत केल्यावर सुधारले. ७५ टक्क्यांहून जास्त जाडी पांढरी असलेल्या ५८ भागांपैकी फक्त १.

आज ०.१ ते ०.२ मिलिमोल प्रति किलो डोस देऊन १०-१५ मिनिटे थांबतात. गॅडोलिनियम धुऊन जाते तशी इन्व्हर्जनची वेळ (निरोगी स्नायू काळा दिसावा म्हणून एमआरआयवर निवडायची वेळ) वाढवावी लागते. नाही वाढवली तर निरोगी स्नायू करडा दिसून व्रणाची कड पुसते. ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळणक्षमतेचा आकडा) ३० च्या खाली असेल तर आधी मूत्रपिंडाच्या डॉक्टरांशी बोलावे.

एक उणीव उरतेच. ही पद्धत शेजारच्या स्नायूशी तुलना करते, त्यामुळे सगळीकडे सारखे पसरलेले फायब्रोसिस (तंतुमय ऊतींची वाढ) तिला दिसत नाही. त्यासाठी टी-१ मॅपिंगवरून (स्नायूच्या प्रत्येक बिंदूची एमआरआयवरची टी-१ वेळ मोजून) ईसीव्ही, म्हणजे स्नायूतल्या पेशींबाहेरच्या जागेचे प्रमाण, काढतात. ईसीव्हीची पडताळणी बायोप्सीतल्या कोलॅजनशी झाली आहे. मात्र हिशेबात लागणारा हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण) त्याच दिवशीचा हवा : हिमोग्लोबिन उतरलेल्या रुग्णाचा जुना, जास्तीचा आकडा घातला, की ईसीव्ही खोटी कमी येते.